हवेवरचे अ‍ॅक्च्युएटर अजून कशाला?

प्रश्न: मी आयटीआय करून साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला लागलोय. इथं व्हॉल्व्हवरचे बरेच अ‍ॅक्च्युएटर हवेवर चालतात, थोडे मोटरवर. सगळं पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) आलंय तर कॉम्प्रेसर न् पाइपांचा पसारा कशाला, सरळ सगळे इलेक्ट्रिकच का बसवत नाहीत?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर: पीएलसी नुसता हुकूम सोडतो, व्हॉल्व्ह प्रत्यक्ष फिरवतो तो अ‍ॅक्च्युएटर. त्याला ताकद हवेची द्या, तेलाची द्या नाहीतर विजेची. तुमच्याच मिलमध्ये वरच्या रोलरवर दाब देणारे सिलिंडर तेलाचे आहेत, तिथं हवेचं काम नाही. पण हवेलाही कमी समजू नका, 6 बार दाबाला 100 एमएम व्यासाचा सिलिंडर साधारण 480 किलोचा जोर लावतो.

खरी गंमत लाईट गेल्यावर कळते. मोटरवाला व्हॉल्व्ह आहे तिथंच थांबतो, अर्धा उघडा तर अर्धा उघडा. स्प्रिंगवाल्या हवेच्या अ‍ॅक्च्युएटरचं तसं नाही, लाईट गेली की सोलेनॉइड (हवा सोडणारा-अडवणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) सुटतो, आतली हवा बाहेर जाते आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला पूर्ण बंद नाहीतर पूर्ण उघडा करून टाकते, ऑर्डर देताना जे ठरवलं असेल ते. बॉयलरवर हे फार महत्त्वाचं. इलेक्ट्रिकमध्येही स्प्रिंगचे, बॅटरीचे मिळतात पण किंमत बघितली की मॅनेजर गप्प होतात. शिवाय डिस्टिलरी असेल तर तिथं स्पिरिटची वाफ, मोटर लावायची तर फ्लेमप्रूफच, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही अशीच पाहिजे. हवेच्या सिलिंडरमध्ये ठिणगीचा प्रश्नच नाही, फक्त त्याचा सोलेनॉइड फ्लेमप्रूफ घ्या नाहीतर लांब पॅनेलमध्ये ठेवा.

म्हणून इलेक्ट्रिक वाईट असं नाही हं. नदीकाठच्या पंपहाऊसवरचा मोठा व्हॉल्व्ह दिवसातनं एकदा-दोनदा हलणार, त्याच्यासाठी कॉम्प्रेसर कोण ठेवणार? तिथं मोटरच बरी. आणि हवा फुकट नसते, कॉम्प्रेसरला घातलेल्या विजेतली बरीचशी उष्णतेत जाते, वरनं फिटिंग गळत असली तर बघायलाच नको.

जाता जाता, ऑफ सीझनला महिनोन्महिने पडून राहिलेल्या अ‍ॅक्च्युएटरचे ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी रिंगा) कडक होतात, पावसाळ्यात लाइनीत पाणी साठतं. एफआरएलचं (हवेच्या लाइनीवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचं) पाणी काढा, आणि गळीत सुरू व्हायच्या आधी पोझिशनरला (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह हवा तेवढाच उघडणाऱ्या यंत्राला) 4, 8, 12, 16, 20 मिलीअँपचा सिग्नल देऊन प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतोय ते समोर उभं राहून बघा, स्क्रीनवर नाही.