डीएसएलआर (आरसा असलेला कॅमेरा) सोडून मिररलेस (बिनआरशाचा) घेतला, आता जुन्या लेन्स विकून सगळ्या नव्या घ्याव्यात का?

एवढ्यात विकू नका. आरसा गेल्याने माउंट (लेन्स जोडायची जागा) ते सेन्सर अंतर कमी झालं (निकॉनच्या डीएसएलआरच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी, मिररलेसच्या झेडमध्ये १६), त्या मोकळ्या जागेत जुनी लेन्स जोडणारा अडॅप्टर बसतो. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, म्हणजे फोटोचा दर्जा तोच. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स आरएफ (मिररलेस) बॉडीवर ऑटोफोकससकट छान चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र बघून घ्यावं: त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये (एफ लेन्स झेडवर लावणारा) फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स चालतात, पण मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी हातानेच फोकस कराव्या लागतात.

बदलायचीच तर आधी रोजच्या वापरातली झूम किंवा वाईड बदला, खरा फायदा तिथे दिसतो. टेली (लांबचं टिपणारी) शेवटी. आणि फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर क्रॉप (लहान सेन्सरसाठीची) लेन्स लावलीत तर निम्म्याहून जास्त मेगापिक्सेल गेले म्हणून समजा!