नवी बॅटरी टाकूनही जुनी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला असेल का?

लगेच अल्टरनेटर बदलू नका हो, आधी व्होल्ट मोजायचा साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. चालू असतानाही १२.५ च दाखवत असेल तर चार्जिंग होतच नाहीये. मग बेल्ट ढिला आहे का बघा, आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का तेही, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग बंद, माझ्या गाडीत हेच निघालं आणि मी तोवर उगाच नवी बॅटरी घेऊन बसलो होतो!

डिझेलमध्ये अजून एक भानगड, ब्रेकचा व्हॅक्युम पंप कित्येकदा अल्टरनेटरच्या मागेच असतो, त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरच्या आत जाऊन त्यातले करंट पोचवणारे कार्बन ब्रश खराब होतात.

चार्जिंग नीट असेल तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी) घासून साफ करून घ्या, त्यानेही फरक पडला नाही तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय, बहुतेक नंतर बसवलेला टेप. आणि चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून ‘टेस्ट’ करणाऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, अल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करंट करणारे भाग) उडतात.