जनगणनेत 'बससेवा : आहे' असं लिहिलेल्या कोकणातल्या गावात खरंच गाडी मिळते का?

तुम्ही प्रकल्पासाठी रत्नागिरी जिल्ह्यातलं एक गाव निवडलंय, जनगणनेच्या तक्त्यात लोकसंख्या सापडली आणि पुढे 'बससेवा : आहे'. एवढ्यावर गावाचं वर्णन लिहिता येईल का, असा तुमचा प्रश्न. मी संगमेश्वर तालुक्यातल्या अशाच एका गावचा. आकडे खोटे नाहीत. पण आमची गावं अर्धी इथे आणि अर्धी मुंबईत राहतात, आणि तक्त्यात फक्त इथली अर्धी येतात.

2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. शिमग्याला अजून तीन आठवडे होते, गाव सामसूम. तसेही चाकरमानी, म्हणजे मुंबईत कामाला गेलेले गावकरी, जिथे कायम राहतात तिथेच मोजले जातात, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या खात्यात. म्हणून जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. हजार पुरुषांमागे 1,122 बायका. हे वाचून कोकणात मुलींचं भाग्य उजळलं असं लिहू नका. पुरुष कामाला बाहेर आहेत, इतकंच. ग्रामपंचायतीत घरपट्टीची यादी बघा, मग मतदारयादी बघा. कुलूप लावलेल्या घरांचीही पट्टी भरली जाते आणि मुंबईतली बरीच नावं मतदार म्हणून गावातच असतात. तिन्ही आकडे जुळणार नाहीत, आणि तुमच्या प्रकल्पातली खरी गंमत त्या फरकातच आहे.

आता गाडीचं. तक्ता महसुली गावाचा असतो, वाडीचा नाही. आमच्याकडे घरं एका जागी नसतात. खालची वाडी नदीकाठी, वरची सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठाराच्या, कडेला. एसटी खालच्या वाडीच्या थांब्यावर येते, की झालं गावाला 'आहे'. वरच्या वाडीतली म्हातारी चढण उतरून पाऊण तासाने थांब्यावर पोचते, तोवर गाडी गेलेली. मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी.

आमच्याकडे वस्तीची गाडी आहे. रात्री येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, सकाळी तीच देवरुखला निघते. (तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखला. नवख्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो.) दुपारची फेरी शाळेच्या पोरांच्या पासावर चालते, म्हणून मे महिन्यात ती बंद. गाव माणसांनी भरतं नेमकं तेव्हाच! 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळच्या गाडीत उभं राहायला जागा नसते आणि वडापवाले कुरकुरतात. माझ्या आईचं देवरुखला जाणंही तेव्हापासूनच वाढलं, काम असो नसो.

उलट मुंबईला जाणं सोपं. गणपतीत गट आरक्षणाच्या एसट्या मुंबईहून थेट वाडीच्या तोंडाशी येतात, एरवी जिथे रिक्षावालाही यायला तयार नसतो तिथे. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, आम्हाला स्टेशन संगमेश्वर रोड. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जायची, आता ठाण्याच्या अलीकडे दिवा स्टेशनलाच थांबते. तिथून पुढे सामान घेऊन लोकल पकडणं हा वेगळाच प्रवास. पण रात्री पोटात दुखलं तर तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची रिक्षा जागी आहे का, यावर सगळं अवलंबून.

तेव्हा गावात एकदा मार्चअखेरीस आणि एकदा गणपतीत जा. वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला भेटा. तिकिटाचं यंत्र आलं तरी कुठल्या वाडीचं कोण कुठे उतरतं, हे त्याला तोंडपाठ असतं.