‘अन्वयार्थक’ नव्हे, अन्वर्थक!

नाशिकरोडहून एका वाचकाने विचारलंय: बँकेतल्या कॅशिअरबाईंचं आडनाव पोतदार, कॉलनीतल्या डॉक्टरांचं वैद्य. कामाला किंवा स्वभावाला अशा चपखल बसणाऱ्या नावांसाठी मराठीत शब्द आहे का?

आहे. अन्वर्थक. अनु अधिक अर्थ, म्हणजे अर्थाला धरून चालणारं. कृपा करून ‘अन्वयार्थक’ म्हणू नका. परवा गंगापूर रोडवरच्या एका सत्कारात निवेदकाने तो शब्द तीनदा वापरला आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. श्लोकातले शब्द गद्याच्या क्रमाने लावले की निघतो तो अन्वयार्थ. नावाशी त्याचा काय संबंध?

पोतदारबाईंचं फारसं नवल नको. नाणी पारखणारा, खजिना सांभाळणारा तो पोतदार, मूळ फारसी फोतेदार. आडनावच कामावरून पडलेलं. वैद्यांचंही तेच.

खरी मौज आपल्या पंचवटीत आहे. शूर्प म्हणजे सूप. सुपासारखी नखं जिची, ती शूर्पणखा. पाणिनीच्या नियमाने हे विशेषनाम असेल तर ‘नख’मधल्या न चा ण होतो आणि शेवटी आ येतो: शूर्पणखा. नुसतं वर्णन असेल, कुणाही बाईची नखं तशी असतील, तर शूर्पनखी. अर्थ तोच, पण ‘आता हे नाव झालं’ याची खूण एका ण ने पटवली! हे कळल्यापासून कुठल्याही पाटीवर ‘शूर्पनखा’ दिसलं की माझा पाय पुढे पडत नाही. अख्खा नियम पुसून टाकतो तो न.

आणि तिच्या नाकावरून नासिक. इथे ‘नवशिखा, नऊ टेकड्यांचं गाव’ म्हणणारे हटून बसतात. त्यांनी पतंजलीचं महाभाष्य, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरचं भाष्य, उघडावं. नासिका म्हणजे नाक; या शब्दाचा ‘नस्’ कुठे होतो आणि कुठे नाही, या चर्चेत ‘नासिक्यं नगरम्’ हा अपवाद आहे. म्हणजे गावाचा संबंध नाकाशी आहे, हे तेव्हाही गृहीतच होतं. पांडवलेण्यात चैत्यगृहाच्या दारावर ब्राह्मी लेख आहे, त्यात इथल्या लोकांना ‘नासिकक’ म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वी नवशिखेतला ‘व’ कुठे गेला होता? ‘ख’ कुठे होता? टेकड्या मोजून व्युत्पत्ती होत नाही.

नाक कापल्याची कथा आधी की गावाचं नाव आधी, हा वाद वेगळा. माझं मत विचाराल तर नाव आधी, आणि ते नदीवरून. पूर्वेला निघालेली गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते, आणि त्या वळणावर जमीन नाकासारखी पुढे येते. होळकर पुलावर उभं राहून एकदा नीट बघा.