स्नायू नसताना लाजाळूची पाने स्पर्शाने कशी मिटतात, आणि वनस्पतींना कंपने जाणवतात का?

लाजाळूच्या देठाच्या आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक बारीकसा फुगीर सांधा असतो आणि सगळी हालचाल तिथेच घडते. स्पर्शाने उठलेला विद्युतसंदेश तिथवर पोहोचला की सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणीही जाते आणि पेशी सैल पडल्यामुळे पर्णिका जोडीजोडीने मिटत जातात; पान पुन्हा उघडायला मात्र बरीच मिनिटे लागतात. (जगदीशचंद्र बोस यांनी या विद्युतसंदेशांचा केलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो.) कंपनांना मिळणारा प्रतिसाद बहुधा हालचालीचा नसतो: मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिसच्या पानाला सुरवंटाच्या कुरतडण्याची नुसती कंपने दिली, तरी पुढे खरा सुरवंट आल्यावर त्यात संरक्षक रसायने अधिक तयार होतात, असे २०१४ मध्ये दिसून आले.