प्रतिनिधीच्या रकान्यात मित्राचं नाव टाकण्याआधी थांबा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. बडोद्याच्या कारेलीबागेत नवं ऑफिस, तुम्ही आणि मित्र असे दोघे भागीदार, अकाउंट्स आणि जीएसटीची कामं, जोडीला म्युच्युअल फंड आणि विमा. टेबलावर चार संस्थांचे सभासदत्वाचे फॉर्म पडलेत आणि त्यातले कोणते भरावेत असं तुम्ही विचारलंय. ते सांगतेच. पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की, प्रतिनिधीच्या रकान्यात मित्राचं नाव टाकतोय, मीटिंगांना जायला त्याला वेळ असतो. ती ओळ वाचली आणि मला झोप लागली नाही. २००९ साली दांडिया बाजारच्या आमच्या ऑफिसात बसून मी हेच केलं होतं.

एआरएन (म्युच्युअल फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक), जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी, विम्याचं लायसन्स हे परवाने आहेत, त्यांच्याशिवाय कामच करता येत नाही. संस्थेचं सभासदत्व आपल्या मर्जीचं असतं. हा फरक तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

आमची फर्म दोघींची होती. भागीदार ताई माझ्यापेक्षा मोठ्या, बोलक्या, चार लोकांत वावरणाऱ्या. शहरातल्या एका व्यापारी संस्थेचं सभासदत्व फर्मच्या नावानं घेतलं (संस्थेचं नाव घेत नाही, बडोद्यात राहायचंय) आणि प्रतिनिधी म्हणून ताईंचं नाव लिहिलं. २०१२ मध्ये त्या संस्थेनं सभासदांसाठी ग्रुप मेडिक्लेम काढला. प्रतिनिधी, त्याचा जोडीदार आणि दोन मुलं एवढ्यांना कव्हर. हप्ता बाहेरच्यापेक्षा बराच कमी होता. तो फर्मच्या चेकनं जायचा आणि पावती फर्मच्या नावानं यायची.

२०१४ मध्ये ताई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि फर्ममधून निवृत्त झाल्या. भांडण नाही, काही नाही, आजही दिवाळीला फोन येतो. कागद मी चोख केले होते. नवं भागीदारीपत्र, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद, जाहीर नोटीस, बँकेत सहीचा नमुना. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि जाहीर नोटीस दिली नाही तर निवृत्त भागीदाराची जबाबदारी बाहेरच्या लोकांपुरती चालूच राहते, हे मी स्वतः अशिलांना सांगत आले आहे. संस्थेलाही पत्र दिलं की, यापुढे प्रतिनिधी मी. सोबत मिस्टरांचं आणि मुलीचं नाव, वय, फोटो. आवकचा शिक्का मारून घेतला. आणि तिथंच थांबले. पुढच्या वर्षी हप्त्याची पावती आली, फर्मच्या नावानं, जांभळ्या शिक्क्यासकट. मी धरून चाललं की बदल झाला.

त्याहून मोठी चूक मी २०१५ मध्ये केली. घरची जुनी वैयक्तिक पॉलिसी होती, आठ वर्षं चालवलेली. ग्रुपचं कव्हर आहेच, मग दोन हप्ते कशाला, म्हणून तिचं नूतनीकरण केलं नाही. मी विमा विकते आणि मी हे केलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये रात्री साडेअकराला मिस्टरांच्या छातीत दुखू लागलं. हॉस्पिटल, अँजिओग्राफी, स्टेंट. कॅशलेसच्या खिडकीवरच्या मुलीनं कार्डाचा नंबर दोनदा टाकला आणि म्हणाली, "मॅडम, या नंबरवर पेशंटचं नाव नाही, दुसऱ्याच बाईंचं कुटुंब आहे." ताईंचं. पुण्यात राहणाऱ्या, तिथं मुलाच्या कंपनीचं कव्हर असलेल्या ताईंचा विमा मी दोन वर्षं भरत होते. बिल झालं २,८६,००० रुपये. सकाळी मुदत ठेव मोडली. मिस्टर बरे आहेत, रोज कमाटीबागेत फिरायला जातात, हे आधी सांगून टाकते.

नंतरच्या सोमवारी संस्थेच्या ऑफिसात गेले. कारकुनानं कपाटातून सभासदांची नोंदवही काढली, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आमच्या फर्मच्या ओळीवर बोट ठेवलं. शाईनं ताईंचं नाव. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात "प्रति. बदल, का. समितीपुढे" आणि माझ्या पत्राची आवक तारीख. दीड वर्ष ते पेन्सिलीतच राहिलं होतं. प्रतिनिधी बदलायला कार्यकारी समितीची मंजुरी लागते असं त्यांच्या घटनेत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, होतं, आणि समितीपुढे तो विषय कुणी ठेवलाच नव्हता. विमा कंपनीला दरवर्षी यादी मात्र शाईतल्या नावांची जात होती. म्हणजे विमा कंपनीची चूक नव्हती. तिला जी नावं मिळाली त्यांचा विमा तिनं उतरवला.

मी विचारलं, आता काय? "थई जशे, बेन." होऊन जाईल, ताई. हे वाक्य मी पुढची दोन वर्षं ऐकलं. समितीची बैठक आहे, होईल. बैठकीला गणपूर्ती झाली नाही, पुढच्या वेळी. सेक्रेटरी बाहेरगावी आहेत. नवी समिती आलीय, तिला आधी फाइल बघू दे. प्रत्येक वेळी एकच कागद कमी असायचा आणि तो कमी आहे हे मी गेल्यावरच कळायचं. एकदा हॉस्पिटलचं मूळ बिल, एकदा ताईंचं ना हरकत पत्र, एकदा तेच पत्र पण स्टॅम्प पेपरवर. बिचाऱ्या ताईंनी पुण्याहून कुरिअर केलं. डायरीत खेपा लिहिल्यात, चौदा झाल्या. शेवटी तोंडी सांगण्यात आलं की, पुढच्या वर्षीच्या वर्गणीत सूट देता येईल. हे लिहितानाही माझा हात थरथरतोय. एका माणसानं जरी म्हटलं असतं की, चूक आमच्याकडून झाली, तरी मला इतकं लागलं नसतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात वकिलांकडे गेले. त्यांनी तारखा पाहिल्या आणि फाइल मिटली. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची. तेव्हाच्या १९८६ च्या कायद्यातही तेवढीच होती, आताच्या २०१९ च्या कायद्यातही तेवढीच आहे. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि "ते होईल म्हणाले" हे कारण कागदावर कुठंच नव्हतं, कारण सगळं तोंडी चाललं होतं. माझे सासरे बँक ऑफ बडोदात होते. व्हाउचरशिवाय एक रुपया हलवायचा नाही असा माणूस. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की, सून, त्यांच्याकडून लिहून घे. मी लाजेखातर मागितलं नाही. त्या ऑफिसातले सगळे ओळखीचे, दोघं तर आमचे अशील.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते. पावती म्हणजे पैसे पोचल्याचा पुरावा. सभासद कोण, प्रतिनिधी कोण, हे नोंदवही सांगते. फॉर्म भरण्याआधी संस्थेची घटना मागा आणि त्यात प्रतिनिधी बदलायची रीत काय लिहिलीय ते वाचा. अध्यक्षांच्या सहीनं होतो की समितीच्या ठरावानं, किती दिवसांत. घटना दाखवायला काचकूच करणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, असेल तर सभासदांची नोंदवही ठेवणं तिला बंधनकारक आहे आणि सभासद ती पाहू शकतो. ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर घटनेत काय आहे त्यावर जातं. बदल झाला की ठरावाची प्रत घ्या. आणि दरवर्षी वर्गणी भरताना, त्याच दिवशी, आमच्या ओळीचा सही-शिक्क्याचा उतारा द्या म्हणून अर्ज द्या. अर्ज गुजरातीत लिहिलात तर लवकर हलतो असा माझा अनुभव आहे.

प्रतिनिधी तुमचा मित्रच ठेवा, हरकत नाही, पण दुसरं नाव पर्यायी प्रतिनिधी म्हणून तुमचं घाला. फॉर्ममध्ये रकाना नसला तर जोडपत्र लावा. ईमेल आणि मोबाईल कुणाचा वैयक्तिक देऊ नका. फर्मचा वेगळा ईमेल काढा, ज्याचा पासवर्ड दोघांकडे असेल. भागीदारीपत्रातही एक कलम घालून घ्या की, फर्मच्या पैशानं घेतलेली सभासदत्वं फर्मची, आणि निवृत्त होणाऱ्यानं बदलाच्या कागदांवर पंधरा दिवसांत सह्या द्यायच्या. जीएसटीत भागीदार बदलला की पंधरा दिवसांतच दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, तीच मुदत सगळीकडे धरली की लक्षात राहते. आजीव सभासदत्वाच्या सवलतीला भुलू नका. आमच्याकडे तरी ते व्यक्तीलाच मिळायचं, म्हणजे पैसे फर्मचे आणि हक्क माणसाबरोबर पुण्याला.

ग्रुप विमा घ्या, पण जोडीला स्वतःची पॉलिसी ठेवाच, लहान का असेना. आणि ग्रुपचं प्रमाणपत्र प्रत्येक माणसाच्या नावाचं मागून घ्या, त्यावर घरच्यांची नावं स्वतः वाचा.

आता तुमचे चार फॉर्म. ही माझी मतं आहेत, दुसरं कुणी वेगळं सांगेल.

कर व्यावसायिकांची संघटना जरूर घ्या. देशपातळीवरचा कर व्यावसायिकांचा महासंघ १९७६ पासून आहे, नानी पालखीवाला त्याचे पहिले अध्यक्ष होते. पण तुम्हाला रोज उपयोग होईल तो गावातल्या अभ्यासवर्गाचा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पोर्टल रोज वेगळं वागायचं. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात बाकांवर बसून एकमेकांचे स्क्रीनशॉट बघायचो. ट्रान्झिशनल क्रेडिटच्या (जुन्या करांचं शिल्लक क्रेडिट जीएसटीत आणायच्या) फॉर्ममधला रकाना चुकला तर काय, हे मला तिथं एका सुरतच्या गृहस्थांनी शिकवलं. त्या वर्षीची वर्गणी पहिल्याच महिन्यात वसूल झाली. माझा राग एका ऑफिसवर आहे, संस्थांवर नाही.

व्यापारी संस्था या वर्षी नको. मकरपुऱ्याचे कारखानदार तिथं भेटतात हे खरं, पण नव्या फर्मला आधी दहा-वीस अशिलांची कामं वेळेत देण्यातून जास्त कामं मिळतात. दोन वर्षांनी घ्या.

तिसरा फॉर्म, तो 'वेल्थ ॲडव्हायजर' असं प्रमाणपत्र देणारा, परत करा. भिंतीवर लावायला छान दिसेल, पण तुम्ही एआरएनवर काम करणार म्हणजे वितरक. सेबीच्या (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या नियामकाच्या) २०२० च्या दुरुस्तीनंतर वितरकाला स्वतःला सल्लागार म्हणवून घेता येत नाही. बोर्डावर, कार्डावर, व्हॉट्सॲपच्या डीपीवरसुद्धा 'म्युच्युअल फंड वितरक' एवढंच लिहा. सल्लागार व्हायचं असेल तर त्याची नोंदणी आणि परीक्षा वेगळ्या, आणि एकाच अशिलाला सल्ल्याची फी आणि वितरणाचं कमिशन दोन्ही घेता येत नाही. संस्थेचा लोगो तुम्हाला तिथं वाचवणार नाही.

चौथा तो जलतरण तलाववाला क्लब. जावंसं वाटत असेल तर स्वतःच्या पैशानं जा. क्लबच्या सभासदत्वावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली मिळत नाही. व्यावसायिक संघटनेची वर्गणी त्या बंदीत येत नाही, फक्त बिलावर फर्मचा जीएसटी नंबर हवा. हातानं लिहिलेल्या पावतीवर तो नसतो, काउंटरवरच लिहून घ्या.

आणखी एक, विचारलेलं नाही तरी. एनआयएसएमच्या (वितरकाची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणपत्राची तारीख आणि एआरएनची तारीख वेगळी असू शकते, दोन्ही तीन वर्षांच्या असल्या तरी. प्रमाणपत्र संपण्याआधीच्या बारा महिन्यांत सीपीईचा, म्हणजे उजळणीचा, वर्ग केला तर परीक्षा चुकते. ती तारीख गेली की पुन्हा शंभर प्रश्न. दोन्ही तारखा ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा.

मी वकील नाही, वरचं सगळं बडोद्यातल्या एका फर्मचा अनुभव आहे. नियम आणि फी बदलत असतात, भरण्याआधी ज्या त्या ठिकाणी विचारून घ्या.

फॉर्म अजून दिला नसेल तर प्रतिनिधीच्या रकान्याचा आणि मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटींचा फोटो इथं टाका. पैशांचे आकडे आणि सह्या झाकून. उद्या दुपारी रिटर्नांचं काम आटपलं की बघते आणि जोडपत्राचा मसुदा लिहून देते.