देशाचा अंदाज आणि आपलं शिवार

प्रश्न : एप्रिलमध्ये ‘१०६ टक्के पाऊस’ ऐकून आम्ही हरखतो आणि पुढे लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औसा तालुक्यात विहिरीला पाणी येत नाही. अंदाज खोटा समजायचा का?

उत्तर : खोटा नाही, पण तो औशाचा नाही. तो आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा मिळून असतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला, की हवामान विभाग त्याला ‘सामान्य’ म्हणतो. त्या बेरजेत मेघालय आणि जैसलमेर एकत्र येतात. आपल्याच राज्यात बघा ना, कोकणात मराठवाड्याच्या चौपटीहून जास्त पाऊस पडतो.

२०१६ साल आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, त्याच एप्रिलमध्ये १०६ टक्क्यांचा अंदाज आला. देशात पडला ९७ टक्के, म्हणजे अंदाजापेक्षा बराच कमी. पण सप्टेंबरअखेर मराठवाड्याला पावसाने झोडपून काढलं आणि मांजरा धरण भरलं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की मेअखेर सुधारित अंदाज येतो, त्यासोबतचा नकाशा बघा. आपल्या भागावर कुठला रंग आहे, ते बघा. तोही शक्यताच सांगतो, हमी देत नाही.

प्रश्न : एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच का?

उत्तर : नाही. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की ढग तिकडे पूर्वेला सरकतात आणि आपल्याकडे हवा खाली दबते. १९७२, २००९ आणि २०१५ मध्ये त्याचा फटका बसला. पण १९९७ चा एल निनो जबर असूनही देशात सरासरीपेक्षा थोडा जास्तच पाऊस झाला. मला एकूण टक्केवारीपेक्षा खंडाची, म्हणजे मध्येच पाऊस दडी मारण्याची, भीती जास्त वाटते. २०२३ मध्ये देशात ९४ टक्के पाऊस झाला, ऐकायला फार वाईट नाही. पण ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट होती, १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन नेमकं फुलाशेंगात असताना पाऊस गायब झाला. सप्टेंबरच्या सरींनी टक्केवारी सावरली, पण गळालेली फुलं परत आली नाहीत.

प्रश्न : पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक असेल तर पाऊस चांगला म्हणतात. धरून चालावं का?

उत्तर : वाहनावर पेरणी ठरवू नका. नक्षत्रांचं वेळापत्रक मात्र कामाचं आहे. मृग, आर्द्रा म्हटलं की कुठलं काम कधी, हे घरात सगळ्यांना कळतं.

प्रश्न : मृगाचा पहिला पाऊस झाला. शेजाऱ्यांनी पेरलं. आम्ही थांबावं का?

उत्तर : थांबा. शेजारी पेरतो तेव्हा हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा सल्ला दुबार पेरणीच्या तडाख्यांतून आला आहे. एकदा पेरलेलं बियाणं आणि खत मातीत गेलं, की दुसऱ्यांदा पैसा आणायचा कुठून?

खुरपं घ्या आणि तीन-चार जागी वीतभर खणा. वरची दोन बोटं ओली आणि खाली कोरडं ढेकूळ लागलं, तर ती नुसती वरची ओल. काळ्या मातीत खालपर्यंत ओल आणि वापसा हवा, म्हणजे माती ना चिखल, ना कोरडी. शिवाय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांवर जास्त भिस्त ठेवा. तिथे खंड दिसत असेल, तर ओल असली तरी चार दिवस कळ काढा.

प्रश्न : दुष्काळ नेमका कशावरून ठरतो? पैसेवारीवरूनच ना?

उत्तर : आता फक्त पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आलं या अंदाजावर, नाही. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि खंड बघतात, मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल आणि पाणीसाठा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो याच निकषांवर. पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळातल्या यंत्रावर, आणि ते तुमच्या बांधापासून कित्येक किलोमीटर लांब असू शकतं. म्हणून घरी साधं पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. मंडळाचा आकडा जुळत नसेल, तर तलाठ्याकडे जाताना ती वही सोबत न्या.